झाकण उघडं आहे का?

दातांचे डॉक्टर फावल्या वेळात प्लास्टिकचे छोटे रणगाडे बनवत. या वेळी युद्धात जळालेला रणगाडा करायला घेतला होता, पण जळक्या पत्र्याचा रंग काही केल्या जमेना. म्हणून ते इंटरनेटवर तसे फोटो शोधत बसले. एक अगदी मनासारखा मिळाला. त्याखाली त्यांनी लिहिलं, "सुंदर! दुसऱ्या बाजूचे आहेत का कुणाकडे?"

एका अनोळखी बाईने फोटो पाठवले. सोबत लिहिलं होतं, "हा रणगाडा माझा थोरला चालवायचा. तुम्हाला यातलं कळतं असं दिसतं. चालकाच्या डोक्यावरचं झाकण उघडं आहे का, तेवढं सांगाल? उघडं असेल तर तो बाहेर पडला असेल."

डॉक्टरांनी फोटो मोठे करून पाहिले. झाकण घट्ट बंद होतं.

"खरं काय ते सांगून टाका," बायको म्हणाली.

"तू सांगतेस?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

शेवटी त्यांनी लिहिलं, "फोटो धूसर आहेत. नीट दिसत नाही."

लगेच उत्तर आलं. "देवासारखे भेटलात. माझा धाकटाही तिकडेच लढतोय. त्याला जवळ जाऊन नवे फोटो काढायला सांगते."

"त्याला पाठवू नका," डॉक्टरांनी घाईघाईने लिहिलं. "झाकण बंद आहे."

तिने ते वाचल्याची खूण उमटली. उत्तर मात्र आलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.