परीक्षानळीची फिर्याद

मित्रांनो, माझ्या बुडाला काजळी आहे आणि मनात राग आहे. घासून दोन्ही निघालेले नाहीत. मी वीतभर लांबीची, काचेची परीक्षानळी. भोरच्या पेठेत आनंदराव डॉक्टरांच्या दवाखान्यात मी एकोणीसशे चौतीस साली आले. माझ्यात निळे औषध ओतीत, रोग्याच्या लघवीचे आठ थेंब टाकीत आणि मला स्पिरिटच्या दिव्यावर उकळीत. साखर नसेल तर मी निळीच राही. थोडी असेल तर हिरवी वा पिवळी होई. पुष्कळ असेल तर विटेसारखी लाल. इतके स्पष्ट बोलणे माणसांनाही जमत नाही. तरीही माझे म्हणणे दोनदा चुकीचे वाचले गेले, आणि त्यापायी एका बाईचा जीव जात होता.

सौदामिनीबाई संस्थानच्या कचेरीतील शिरस्तेदारांच्या पत्नी. पाच बाळंतपणांनंतर त्यांच्या पोटाची कातडी सैल पडून नऊवारीच्या निऱ्यांवर झोळीसारखी लोंबत असे.

"चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या नलूताईंनी माझी ओटी भरली," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आणि चारचौघींत विचारलं, 'कितवा गं?' सगळ्या खिदळल्या. माझ्या घरात सून आली आहे, डॉक्टर! पुण्याचे सर्जन हे पोट कापून टाकतात म्हणे."

"कापतात. पण ही हौसेची शस्त्रक्रिया, वहिनी. आधी लघवी तपासायची. साखर असली तर जखम मिटत नाही, सडते."

"हौस म्हणू नका हो," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाटली आली. मी उकळले आणि लालभडक झाले. डॉक्टरांनी बाटली हुंगली. ती काकवीची होती. नुसती विसळून पाठवलेली.

"ही काकवी बोलते आहे!" म्हणून ते हसले, आणि दुसरी बाटली आणायला सांगितली.

शंका घेणे रास्त होते, हे मी मान्य करते. परंतु ज्याला शंका येते, त्याने समोर उभे राहून तिचे निरसन करावे. बाटली पुन्हा घरूनच मागवू नये. सौदामिनीबाईंनी तीन दिवस कडकडीत उपास केला, केवळ पाण्यावर, आणि चौथ्या दिवशी पहाटे स्वच्छ बाटली पाठवली. मी निळीच राहिले. त्या सकाळपुरते ते सत्य होते. डॉक्टरांनी एका सकाळचे सत्य कायमचे मानले आणि 'शस्त्रक्रियेस हरकत नाही' अशी चिठ्ठी लिहिली. माझ्या प्रामाणिकपणाचा असा उपयोग झालेला पाहून मला तडकून फुटावेसे वाटले.

चार दिवसांनी दवाखान्यात फुलाबाई आली. ती उत्रोलीची, शिरस्तेदारांकडे धुण्याभांड्याला.

"डाक्टर, वैनीच्या न्हाणीत, लगवीच्या जागी, मुंग्या लागत्यात. लई दिसांपासनं. उपासाच्या तीन दिसात एक न्हाई दिसली. पारण्याला शिरा खाल्ला, आन् सकाळच्याला पुन्ना रांग!"

"तू डॉक्टरीण कधी झालीस?"

"म्या न्हाणी घासते. तुमी घासता व्हय?"

डॉक्टरांचे हसू मावळले. इतक्यात चिठ्ठी न्यायला सौदामिनीबाईच दारात आल्या. पुण्याच्या मोटारीला अर्धा तास होता.

"फुले, चुगली करायला आलीस?"

"व्हय, केली. जखम सडली तर धुवाया मीच हाय नव्हं?"

डॉक्टरांनी चिनी मातीचे भांडे पुढे केले. "आत्ता, इथे. नाहीतर चिठ्ठी फाडतो."

सर्वांच्या देखत मी विटेसारखी लाल झाले. सौदामिनीबाई बाकावर कोसळल्या.

"मग मी अशीच हिंडू? पुढच्या चैत्रात पुन्हा ओटी भरू देऊ?"

"शस्त्रक्रिया नको असं मी म्हटलं नाही," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "आधी साखर आटोक्यात आणू. चूक माझीही आहे. पण उपाशी राहून मला फसवलंत, त्यात मरणार होतात तुम्ही."

त्यांनी चिठ्ठी फाडली. पुढचे आठ महिने दोन्ही वेळ इन्सुलिनची सुई, मोजून भाकरी, गोडाला रजा आणि रोज सकाळी मी. लाल, पिवळी, हिरवी आणि अखेर जेवत्या बाईची निळी! माघात पुण्यास शस्त्रक्रिया झाली. जखम सावकाश, पण स्वच्छ मिटली.

"पोट गेलं आहे, मधुमेह नाही," असे बजावून डॉक्टरांनी मला, निळ्या औषधाच्या बाटलीला आणि दिव्याला सौदामिनीबाईंच्या घरी धाडले.

आता माझा खरा राग ऐका. चैत्रात सौदामिनीबाई ताठ मानेने हळदीकुंकवाला गेल्या. नलूताईंनी तोंडभर स्तुती केली, आणि त्या दिवसापासून मी न्हाणीच्या कोनाड्यात पडून राहिले. प्रथम माझी तपासणी सुटली, मग संध्याकाळची सुई. शिरा मात्र परत आला. आरशाला दिवसातून दहा वेळा विचारणाऱ्या बाईला मला एकदाही विचारावेसे वाटले नाही. मित्रांनो, ज्यांच्या घरी माझ्यासारखी नळी असेल त्यांनी ती शोभेपुरती ठेवू नये. आरसा आवडेल तेच दाखवील. मी नावडते तेही सांगेन. परंतु मला उकळल्याशिवाय मला वाचा नाही.

आज सकाळी न्हाणीच्या दगडावर मुंग्यांची रांग लागली. फुलाबाईने खराटा उचलला, पण रांग झाडली नाही. तिने कोनाड्यातून मला काढले, पदराने पुसले आणि माजघरात जाऊन आरशापुढे आपटलेच म्हणा ना.

"वैनी, कुंकू मागनं लावा. आदी दिवा लावा."

सौदामिनीबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. फुलाबाई जागची हलली नाही. मग त्या भांडे घेऊन न्हाणीत गेल्या, आणि परतल्यावर माझ्यात निळे औषध व आठ थेंब पडले. काडी ओढल्याचा आवाज झाला, आणि माझ्या बुडाला धग लागली.