मोजून सोडलेली अंडी

मशीन पुन्हा थांबलं. पट्ट्यावरची अंडी जागच्या जागी राहिली. मावशींनी हिरवं बटण दाबलं, पट्टा जेमतेम हातभर सरकला आणि पुढच्या तडकलेल्या अंड्यापाशी परत घोडं अडलं.

"मॅडम, तुमचं मशीन भलतंच हळवं आहे," मावशी म्हणाल्या. "एक फुटकं अंडं दिसलं की याला पुढे पाऊलच टाकवत नाही."

अंडी निवडण्याच्या त्या शेडमध्ये मावशी सगळ्यांत जुन्या आणि ही मॅडम सगळ्यांत नवी. पट्टा चालवणारा प्रोग्राम लिहायला मालकांनी तिला महिन्याच्या बोलीवर घेतलं होतं. प्रोग्राम तसा साधाच होता. एक लूप, म्हणजे प्रत्येक अंड्यासाठी तीच कामं पुन्हा पुन्हा: कॅमेऱ्याने बघ, वजन कर, लहान-मोठं बघून ट्रेमध्ये ढकल, मोजणीत एक वाढव, पुढचं घे. आणि तडा दिसला तर 'ब्रेक'. ब्रेक म्हणजे लूपमधून सरळ बाहेर, काम बंद.

आता अंड्यांच्या शेडमध्ये कुणी शहाणा माणूस असं लिहील का? पण ती आली होती इंजेक्शनच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यातून. तिथे एका बाटलीला तडा दिसला की अख्खं काम थांबवायचं, कारण काचेचा कण कुणाच्या अंगात जाण्यापेक्षा काम खोळंबलेलं परवडलं. ते तिच्या इतकं हाडीमाशी खिळलं होतं की अंडी ही फुटायचीच, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तो कारखाना सोडूनही नऊ वर्षं झाली होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि तिने नोकरी सोडली. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या, ती पुन्हा नोकरी शोधू लागली, तर जावं तिथे एकच प्रश्न: मधली नऊ वर्षं काय केलंत? "काही नाही, घरीच होते," ती म्हणायची आणि समोरचा माणूस तिथेच मुलाखत गुंडाळायचा. अंडीवाल्या मालकांनी तेवढं विचारलं नाही, कारण ते घाईत होते. पट्टा नीट चालला तर कायम करू, नाही तर आपले हातच बरे, असा त्यांचा सरळ हिशेब. शनिवारी महिना भरत होता. इथूनही नारळ मिळाला तर आणखी कुणाच्या दारात जाऊन तेच उत्तर देण्याचं बळ आपल्यात उरलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मावशी, सरका जरा. बटण मी दाबते," ती म्हणाली.

अर्धा तास ती बटणापाशी उभी राहिली. बोट दुखायला लागलं तसा तिला स्वतःचाच राग यायला लागला. एका अंड्याला तडा गेला, त्यात मागच्या शंभरांचा काय दोष? ती तडक जाऊन संगणकापुढे बसली, 'ब्रेक' खोडलं आणि तिथे लिहिलं 'कंटिन्यू'. म्हणजे हे सोड, लूपमध्येच राहा, पुढचं घे.

पट्टा सुरू झाला तो थांबेचना. फुटकं अंडं कुणी न ढकलता पट्ट्याच्या टोकाशी ठेवलेल्या टोपलीत, चांगली ट्रेमध्ये, आणि मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "आता कसं माणसांत आलं," त्या म्हणाल्या. तिचा जीव भांड्यात पडला, पण संध्याकाळपर्यंतच.

संध्याकाळी बेकरीवाला फुटकी अंडी न्यायला आला. त्याच्यापुढे टोपल्या भरून ठेवल्या होत्या आणि पडद्यावर फुटक्यांचा आकडा होता शून्य. मालकांनी एकदा टोपल्यांकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

"मॅडम, सकाळी आलेली अंडी संध्याकाळी कमी भरतायत. मधली अंडी मशीन खातं का?"

बेकरीवाला हसला. तिला हसू आलं नाही. "उद्या बघते," ती म्हणाली.

"उद्या शुक्रवार आहे," मालक म्हणाले आणि निघून गेले.

शुक्रवारी सकाळी तिने प्रोग्राम एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला, तेव्हा कुठे पाणी मुरतंय ते दिसलं. मोजणीची ओळ लूपच्या अगदी शेवटी होती. 'कंटिन्यू' आलं की मशीन खालचं सगळं टाकून थेट पुढच्या अंड्यावर उडी मारत होतं. फुटकं अंडं टोपलीत पडत होतं खरं, पण मशीनच्या लेखी ते आलंच नव्हतं. उपाय सोपा होता. तिने मोजणी वर आणली: आधी मोज, मग तडा बघ, असला तर फुटक्यांत धर आणि मगच सोड. एवढं लिहिलं आणि तिला एकदम भरून आलं. शेजारी तिने आठवणीसाठी टीप लिहिली, 'सोडलेलंही मोजायचं असतं', आणि ती ओळ ती कितीदा तरी वाचत बसली.

शनिवारी मालक स्वतः पट्ट्यापाशी उभे राहिले. मुद्दाम टिचकी मारून फोडलेली अंडीही त्यांनी मधे मधे सोडली. पट्टा थांबला नाही. शेवटी मावशींनी टोपली हाताने मोजली आणि आकडा पडद्याशी जुळला.

"चला, कायम केलं तुम्हाला," ऑफिसात बसल्यावर मालक म्हणाले. "पण नवशिक्या म्हणून धरतो हां. जुनी नोकरी फार जुनी झाली आणि मधली वर्षं तर कोरीच आहेत."

मान डोलावून मोकळं व्हावं असं तिला क्षणभर वाटलं. नोकरी मिळाली होती, आणखी काय हवं? पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"कोरी नव्हती," ती म्हणाली. "सासूबाई अंथरुणावर होत्या. मी त्यांना भरवत होते, पुसत होते, दर दोन तासांनी कूस बदलून देत होते. त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी. शेवटी शेवटी त्या मला ओळखतही नव्हत्या, तर रोज सकाळी मी कोण ते सांगायचे. ती वर्षं आधी मोजा. मग मला काय म्हणून धरायचं ते ठरवा."

एवढं ती आजवर कुणापुढेच बोलली नव्हती. मालक पेनाचं टोपण काढत-लावत बसले.

"दर दोन तासांनी? रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

"आपल्या उबवणीच्या खोलीतली अंडीही अशीच सारखी फिरवावी लागतात," मालक सावकाश म्हणाले. "नाही फिरवली तर पिल्लू आत चिकटून मरतं. तिथला प्रोग्राम कुणा अनुभवी माणसाकडे द्यायचा म्हणून मी ठेवून दिला होता. सोमवारपासून तो तुम्ही घ्या."

तिला हसू आलं, त्याच्या मागोमाग रडूही आलं, आणि दोन्ही तिने मालकांसमोरच येऊ दिलं.