नव्या धानाचं पान

माझा स्वभावच खोदून खोदून विचारण्याचा. माजरीला कोळशाच्या खाणीजवळ वाढले आणि बिरजूशी लग्न करून धानोऱ्याकडच्या जंगलातल्या या गोंड घरी आले. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं एक मडकं मला चैन पडू देत नव्हतं. त्यात घरचे वाडवडील राहतात म्हणे. हात लावायचा नाही. का, असं विचारलं की सासूबाई चुलीत लाकूड सारायच्या, बस्स.

बिरजूनं एवढंच सांगितलं होतं, की नव्या धानाचा पंडुम, म्हणजे सण, झाल्याशिवाय नवा दाणा कोणी तोंडात टाकत नाही. आणि त्या दिवशी मडक्यापुढचं पान ज्याला मिळेल, तोच या घरचा. आमचं लग्न भद्रावतीच्या विहारात झालेलं, गावच्या रीतीनं नाही. मग मला पान मिळणार का? ते आईला विचार, म्हणाला. तो नेहमी असाच सुटतो. आणि नेमकं हेच विचारायला माझी जीभ रेटेना.

पंडुमला माझी नणंद रंभाताई तिच्या सासरहून आली. सासूबाईंनी नवं धान भाजून, कांडून पोह्यांसारखा चिवडा केला, मडक्यापुढे ठेवला, मग मोहाच्या पानांवर काढला आणि पानं वाटायला माझ्या हाती दिली. मनात म्हटलं, झालं, आपण नुसत्या वाढपी. सासऱ्यांना दिलं, बिरजूला दिलं, सासूबाईंना दिलं. एक पान उरलं. घरची लेक समोर बसलेली असताना माझा कसला हक्क? हसून ते रंभाताईपुढे ठेवलं.

चटका बसल्यासारखा रंभाताईनं हात मागे घेतला.

"माहे वाडवडील आता सासरच्या मडक्यात हायेत," ती म्हणाली. "इथलं खाल्लं त दोन्ही घरं रुसतीन. हे तुहं हाय."

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"तुह्यासाठीच काढलं," त्या म्हणाल्या. "सारा दिवस डोकं खाते, अन् हे नाई विचारलं."

मी चिवडा तोंडात टाकला. धुराचा वास, हिरवट गोडी. इतका आनंद झाला की रडूच आलं. शेजारी रंभाताई, याच घरात जन्मलेली, जुन्या तांदळाचा भात कालवत होती. न राहवून विचारलं, वाईट नाही वाटत?

"पहिल्या साली लय रडली," ती म्हणाली आणि वरणाची वाटी जवळ ओढली.