अननसाचा अर्क

"आता बघ बरं. येतोय का?"

बायकोनं त्याच्या मानेजवळ नाक नेलं, मग केसांपाशी, मग तळहातांवर. "नाही हो. साबणाचाच येतोय."

"नीट बघ."

"अहो, सालटं निघायची वेळ आली. चला, लेक वाट बघत असेल."

तो कारखान्यात ब्युटिरिक अ‍ॅसिडच्या पंपावर कामाला होता. उभी हयात त्यातच गेली. या अ‍ॅसिडला वास कसला, तर नासक्या लोण्याचा आणि ओकारीचा एकदम. गंमत म्हणजे, त्यातच अल्कोहोल घालून तापवलं की अननसाच्या वासाचा अर्क होतो, तो गोळ्या-सरबतांत जातो. सुगंध पिंपांत भरून गावोगाव जायचा, घाण तेवढी याच्या वाट्याला. बसमध्ये शेजारची जागा कायम रिकामी. त्याला स्वतःला काहीच कळत नसे. नाकच मेलं होतं म्हणा ना.

पण आज नातीला पहिल्यांदा हातात घ्यायचं होतं. लेक परदेशातून आली होती, सासरी उतरली होती आणि आज रात्रीच परत निघणार होती. सुट्टी मागितली, तर साहेब म्हणाला, "सकाळपुरते या हो, मग दिवस तुमचाच." आणि नेमकं निघतानाच पंपाचं सील गळलं, बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. साहेब आपला केबिनमध्ये कोरडाठाक. असा संताप आला होता त्याला, पण बोलणार कोणाला?

लेकीनं दार उघडलं. बाळ खांद्यावर होतं. "बाबा," म्हणत ती पुढे झाली आणि मध्येच थबकली. मागे जावयानं गुपचूप खिडकी उघडली.

"बाबा, तुम्ही जरा तिकडे बसता? ही आत्ताच दूध प्यायलीय. उलटी करेल."

तो खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसला. "तू तर म्हणालीस, येत नाही," तो बायकोवर डाफरला.

"मला खरंच नाही आला हो." तिनं बाळासाठी केव्हाचे हात पुढे केले होते. लेक मात्र बाळाला छातीशी धरून तशीच उभी.

"आई, तुझ्यापण अंगाला..." लेक अडखळली.

बायकोनं आपल्या बाहीला नाक लावून पाहिलं. तिला काहीच कळेना. इतकी वर्षं त्याचे कपडे तिनंच तर धुतले होते. त्याचा राग कुठल्या कुठे गेला, नुसतं वाईट वाटत राहिलं.

तिनं हात मागे घेतले आणि ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"इथून छान दिसते हो," ती म्हणाली.