शार्कचं मीठ बंद

हिंस्र पशू पाळायला शिकाऱ्याचं काळीज लागतं, असं साहेबांचं ठाम मत होतं, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते चपला काढायच्या आत ऐकावं लागे. हिंस्र पशू फूटभर लांबीचा होता. तो दिवसभर दगडाखाली झोपून असे.

टाकीवाला मात्र आज काही ऐकायला थांबला नाही. तो तडक टाकीपाशी गेला. तपकिरी पट्ट्यांचा हा बांबू शार्क त्याच्याच दुकानात अंड्यातून निघाला होता. चार महिने ते पाकिटासारखं अंडं दिव्यासमोर धरून त्यानं आतली वळवळ पाहिली होती, आणि माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, पहिला तुकडा चिमट्यानं त्यानंच भरवला होता. विकताना मात्र त्यानं टाकीचं माप नीट पाहिलं, गिऱ्हाईक पाहायचं राहून गेलं. सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हापासून ती चूक त्याला डाचत होती. शार्कनं बारा दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं.

"नखरे आहेत, दुसरं काही नाही," वहिनी म्हणाल्या. "आमचे हेसुद्धा पहिल्या आठवड्यात असेच करत होते."

साहेबांचं बीपी वाढलं, म्हणून या घरात आहारताई आल्या. शिक्षण तीन महिन्यांचं आणि आत्मविश्वास सात जन्मांचा, अशा या बाई. त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. प्रत्येकाचा म्हटल्यावर वहिनींनी शार्कचंही नाव घातलं, आणि आहारताईंनी भुवईसुद्धा न हलवता त्याला दिवसाला सहा जेवणं लिहून दिली. वाफवलेली कोळंबी, वाफवलेला दुधी, भिजवलेलं जवस. रात्री हलकं.

टाकीवाल्यानं वाकून पाहिलं. शार्क दगडाबाहेर उघड्यावर पडला होता. पोट खपाटीला गेलेलं, कल्ले भराभर हलत होते. त्याच्या डोक्यावर दुधीची एक फोड संथपणे तरंगत होती. टाकीवाल्यानं ती काढली, डब्यातला कच्च्या माकुळाचा तुकडा चिमट्यात धरून शार्कच्या नाकाशी नेला. शार्कनं ढुंकूनही पाहिलं नाही.

वाफवलेलं नाकारलं ते ठीक, जनावराला अक्कल असते. पण माकूळ? त्यानं पाण्याचा खारटपणा मोजायचं मीटर बुडवलं. पुसून पुन्हा बुडवलं.

"वहिनी, या पाण्यातलं मीठ कुठं गेलं?"

"बंद केलं," वहिनी अभिमानानं म्हणाल्या.

"बंद केलं म्हणजे?"

"सगळ्यांचंच बंद आहे. रोज एक बादली काढते, एक बादली फिल्टरचं ओतते. कंबर गेली माझी, पण एक दिवस खाडा नाही केला."

पाणी न बदलणारे आळशी लोक टाकीवाल्यानं पुष्कळ पाहिले होते. इतक्या कष्टानं मासा मारणारं घर पहिलंच.

"अहो, तो समुद्रातला आहे!"

"होता," सोफ्यावरून साहेब म्हणाले. "आता आमच्याकडे आहे."

"माझंही तोडलंय रे बाबा," कोपऱ्यातून साहेबांची आई म्हणाली. "मी निदान शेजारी जाऊन खारे दाणे खाऊन येते. त्यानं बिचाऱ्यानं कुठं जायचं?"

"आई!" साहेब ओरडले. दाण्यांची बातमी त्यांना नवीन होती.

वहिनींनी आहारताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. "मीठ म्हणजे पांढरं विष," फोन म्हणाला. "कुठल्याही जिवाला."

"ताई, समुद्रात काय असतं मग?"

"म्हणूनच समुद्रातल्या माशांची तब्येत ही अशी."

"मला परत द्या तो," टाकीवाला साहेबांकडे वळून म्हणाला. "हात जोडतो. असाच राहिला तर आठवडा काढायचा नाही."

"आणि रविवारी क्लबातली मंडळी येतील, त्यांना काय रिकामी टाकी दाखवू?"

पालथ्या घड्यावर आणखी पाणी ओतण्यात अर्थ नव्हता. टाकीवाल्यानं शार्ककडे एकदा पाहिलं, लाज गिळली आणि फोनकडे तोंड करून आवाज मऊ केला. "ताई, तुमचंच बरोबर. मीठ नकोच. फक्त हल्ली मोठमोठ्या मत्स्यालयांत समुद्री खनिजं देतात, रोज थोडी थोडी, सात दिवसांचा कोर्स. आणि अन्न कच्चं. वाफवलं की सत्त्व जातं."

"खनिजांना माझी हरकत नव्हतीच," आहारताई म्हणाल्या. "मी या आठवड्यात सुचवणारच होते."

खनिजं म्हणजे तेच समुद्री मीठ, दुकानातल्या पूर्वीच्याच गोणीतलं. टाकीवाल्यानं ते काचेच्या बरणीत भरून आणलं, कारण गोणीवर या घराचा विश्वास बसला नसता. एकदम सगळं घातलं असतं तर त्या धक्क्यानंच शार्क गेला असता, म्हणून तो सात दिवस रोज आला. रोज थोडं विरघळवलं, रोज मोजलं आणि रोज साहेबांकडून शिकाऱ्याच्या काळजाची गोष्ट ऐकली. सहाव्या दिवशी शार्क आपणहून दगडाखाली गेला. टाकीवाल्याला त्या रात्री नीट झोप लागली.

आठव्या दिवशी आहारताई स्वतः आल्या, फोटो काढायला. साहेब नवा शर्ट घालून सोफ्यावर बसले आणि शिस्तीनं हिंस्र पशूसुद्धा कसा वळणावर येतो, ते कॅमेऱ्याला सांगू लागले. टाकीकडे सगळ्यांची पाठ होती.

टाकीवाल्यानं चिमटा पाण्यात घातला. नाकपुड्या हलल्या. शार्क पुढे सरकला, थांबला, आणि त्यानं माकूळ गपकन ओढलं. टाकीवाल्यानं श्वास सोडला. दुसरा तुकडा गेला, तिसरा गेला. चौथ्याकडे पाठ फिरवून शार्क दगडाखाली शिरला.

"खाल्लं का? अगंबाई!" वहिनी वळून म्हणाल्या. "आता दोन तासांनी काय द्यायचं?"

"काही नाही," टाकीवाला चिमटा पुसत म्हणाला. "हा आठवड्यातून तीनदा जेवतो."