स्लॅबखालचा मांडव

वाटूरच्या आसराबाईंच्या घराचं काम घेतलं तेव्हा पाऊस, सिमेंट, लाइट जाणं, सगळ्याचा मी आधीच बंदोबस्त केला होता. मी शरयू, नवीन जालन्यात ऑफिस असलेली इंजिनिअर. गाफीलपणा मला खपत नाही. तरी एक गोष्ट विचारायची राहिलीच.

स्लॅब भरून आठवडा झाला आणि आसराबाईंनी लेकीच्या, शिवकन्येच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात ठेवली. वऱ्हाड नव्या घरात बसवायचं, म्हणून स्लॅबखालचे टेकू उद्याच काढायचे. सेंट्रिंगवाला सांडू टपूनच बसला होता. त्याला तेच टेकू टेंभुर्णीच्या कामावर न्यायचे होते. कच्चा स्लॅब आणि खाली अख्खं वऱ्हाड! तीन आठवडे टेकू हलणार नाहीत, असं मी चांगलंच दरडावलं. दोघांनी माना डोलावल्या. असल्या माना मी ओळखते. माझी गाडी वळली की हातोडे निघणार.

तेवढ्यात अंगणात हळदकुंकू लावलेला मांडवाचा खांब दिसला.

"मावशी, हा खांब कोणी मध्येच उपटला तर?"

"काय अभद्र बोलून राह्यल्या, मॅडम?"

मग टेकूही मांडवाचेच खांब समजून पुजून घ्या, म्हटलं. एवढे खांब वाटुरात कोणाच्याच मांडवाला नव्हते, हे बाईंना फार आवडलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक टेकूला हळद लागली, आंब्याचे डहाळे बांधले गेले. आता हात लावायची सांडूची काय बिशाद! वऱ्हाड टेकूंमधून वाट काढत मजेत जेवलं. नवरदेवाचा फेटा तेवढा अडकला.

तीन आठवडे झाले तशी मी सांडूला घेऊन ऐटीत टेकू काढायला गेले. आसराबाई दारातच आडव्या आल्या. शिवकन्या मांडवपरतणीला माहेरी आल्याशिवाय पुजलेल्या खांबांना हात लावायचा न्हाई. मी स्लॅब पक्का झाल्याचं परोपरीनं सांगितलं, पण व्यर्थ.

"तुम्हीच पुजायला लावले ना, मॅडम," सांडू म्हणाला. "मंग आता बसा."

बसले. आधी चिडले, मग हसू आवरेना. आसराबाईंनी पुरणपोळी वाढली, तोच सांडूला टेंभुर्णीच्या मालकाचा फोन आला. टेकू अजून का आले नाहीत, म्हणून तो तापला होता. मी फोन हातात घेऊन त्याला आधी विचारलं, घरात कोणाचं लग्न आहे का?

"हाय की, पुढच्या महिन्यात. थोरल्याचं. तुम्हाला कोणी सांगितलं?"