कोस्ताकेच्या चाळिसाव्याचं जेवण

कोस्ताके जाऊन चाळीस दिवस झाले म्हणून त्याच्या बायकोनं, अग्लायानं, अंगणात चाळीस जणांची पानं मांडली. कोबीच्या पानांतले खिम्याचे सार्माले दोन दिवस चुलीवर रटरटत होते. पाद्र्यानं प्रार्थना उरकली आणि तो न जेवताच निघून गेला. दुपार टळली तरी फाटक वाजेना.

"तुझ्या पुस्तकाचे प्रताप," अग्लाया लेकीला म्हणाली.

ओतिलिया बुखारेस्टहून आली होती. तिची कादंबरी वर्षभर गाजत होती. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत गावाची पत्रं फोडून गुप्त पोलिसांना खबरा देणारा एक लंगडा पोस्टमन तिनं त्यात रंगवला होता. नाव बदललेलं होतं. पण गावात लंगडा पोस्टमन एकच, तोआदर. शहरातली पोरं मोटारीनं येऊन त्याच्या खिडक्या फोडून गेली होती.

शेवटी एकच माणूस आला. तोआदरच. टोपी काढून बसला, सहा सार्माले खाल्ले.

"काका, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं," ओतिलिया म्हणाली.

"कोस्ताकेसाठी आलो. पत्रं फुटायची, ते खरं लिहिलंस. पण मी नाही फोडली, पोरी. मी टपालाची थैली या घरात आणून ठेवायचो आणि तासाभरानं न्यायचो."

ओतिलियानं आईकडे पाहिलं. अग्लाया त्याला आंबट साय वाढत होती.

"वाफेवर पाकिटं उघडायचा तुझा बाप. परत चिकटवायचे मी. गावाला सगळं ठाऊक आहे. तरी आले असते जेवायला. तू ते या पांगळ्याच्या माथी मारलंस, म्हणून नाही आले."

"मला सांगायचं होतंस!"

"तू विचारलंस? बुखारेस्टच्या कॉलेजात जागा कशी मिळाली तुला? तोंडाकडे बघून?"

तोआदरनं तोंड पुसलं. "पेपरात दोन ओळी लिही. शहरातली माझी नात ते पुस्तक वाचून बोलत नाही माझ्याशी."

"लिहिते, काका." म्हणताना तिला ते खरंच वाटत होतं.

बुखारेस्टला तिनं तीनदा लिहायला घेतलं. तिसऱ्यांदा बापाचं नाव पडद्यावर उमटलं आणि तिनं सगळं पुसून टाकलं. मग कादंबरीला पुरस्कार जाहीर झाला.

मार्चमध्ये आईचा फोन आला. "तोआदर गेला. नात नाही आली. गावात म्हातारेच उरलेत, खांदा द्यायला माणसं शोधतोय."

"त्यानं बाहेर कुणाला, पेपरवाल्यांना, काही सांगितलं?"

"नाही."

ओतिलियाला हायसं वाटलं. "या आठवड्यात मला नाही जमायचं, आई."

"नकोच येऊस," अग्लाया म्हणाली. "इथं तुला कुणी दारात उभं करणार नाही. मीसुद्धा."